तिथी, वारा आणि लाटा बघत केलेली मालवण-वेंगुर्ल्याची ट्रिप

समुद्रावर जायचं म्हटलं की बहुतेक जण मोबाईलवर एकच गोष्ट बघतात, पाऊस आहे का. ढगाचं चित्र दिसलं नाही की निघाले. मग मालवणला पोचल्यावर कळतं की आज किल्ल्याच्या होड्या बंद आहेत, किंवा ज्या वाळूच्या बेटाचे फोटो बघून एवढ्या लांब आलो ते बेट आत्ता पाण्याखाली आहे आणि वर येईल तेव्हा आपण परतीच्या गाडीत असणार. आकाश स्वच्छ असणं आणि समुद्र बरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीचा अंदाज वेगळा बघावा लागतो.

म्हणून दिवाळीनंतरच्या या ट्रिपला आम्ही ठिकाणांची यादी केली पण कुठलं ठिकाण कुठल्या दिवशी ते मोकळंच ठेवलं, रोज रात्री जेवणं झाली की उद्याचं बघायचं आणि मग ठरवायचं. नवऱ्याला हे अजिबात पटलं नव्हतं, त्याला तासांसकट एक्सेल शीट लागते. आई (म्हणजे सासूबाई) मात्र खूश होत्या, त्यांचं बालपण खाडीकाठचं, त्या म्हणाल्या समुद्राला विचारूनच जायचं असतं. शिवाय माझा भाऊ, वहिनी आणि दोन्ही घरची मिळून तीन पोरं.

रोज बघायचं काय ते आधी सांगते म्हणजे पुढे परत परत सांगावं लागणार नाही. भरती-ओहोटीच्या वेळा. तासातासाचा वारा, हा मी विंडी नावाच्या ॲपवर बघते. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज आणि मच्छीमारांसाठी दिलेला इशारा, हा दुसरा इशारा पर्यटक कोणी बघत नाहीत पण आपल्या कामाचा तोच जास्त असतो. आणि इन्कॉइसचा समुद्राचा अंदाज, ही हैदराबादची सरकारी संस्था आहे, लाटांची उंची, स्वेल (म्हणजे लांबून आलेल्या लाटा), प्रवाह सगळं किनाऱ्याप्रमाणे देते आणि उंच लाटांचा इशारा असेल तर तोही तिथेच येतो. यात एक गोष्ट लक्षात ठेवायची, लाटेची उंची १ मीटर लिहिली असेल तर सगळ्या लाटा १ मीटरच्या असं नसतं. सगळ्यात मोठ्या एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते, त्यामुळे मधेच एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते आणि पोरांना आडवं करते ती हीच.

दशमी : मालवण, चिवला

पोचेपर्यंत चार वाजले. गाडीतच आईंनी गणित मांडलं. कोकणातली जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. दशमी म्हणजे दहाची पाऊणपट साडेसात, म्हणून सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास पाणी पूर्ण चढलेलं, आणि त्याच्या साधारण सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे पूर्ण ओहोटी. पौर्णिमा झाली की परत प्रतिपदेपासून एक धरून मोजायचं. भाच्याने लगेच मोबाईलवर टाइड टेबल काढून टॅली केलं, वीस-पंचवीस मिनिटांचा फरक निघाला. तो म्हणाला आजी चुकली, मी म्हटलं बाळा नेट नसताना तुझ्या मोबाईलने काय सांगितलं असतं ते बघू.

रोज ही वेळ पाऊण तासाने, खरं तर पन्नासेक मिनिटांनी, पुढे सरकते. म्हणजे काल अमक्या वाजता छान होतं म्हणून आज त्याच वेळेला जाऊ हे दोन-तीन दिवस चालतं, आठवड्याने पार उलटं होतं, काल-परवा पुळण (किनाऱ्याची वाळू) होती तिथे पाणी.

पहिल्या संध्याकाळी चिवला बीचच घेतला कारण इथे पोरांना सोडायला जिवाला घोर नसतो. बाहेरच्या बाजूला खडक आहेत, लाट तिथेच फुटून दमते, आत उथळ पाणी. समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा इथे होतात त्या उगाच नाही. अष्टमी होऊन दोनच दिवस झालेले, म्हणजे भांगाचे दिवस, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. मुंबईला साडेचार-पाच मीटरच्या भरतीच्या बातम्या ऐकतो तसं इथे कधीच नसतं, मालवणला मोठ्या उधाणालाही साधारण दोन-अडीच मीटरचा खेळ. अंधार पडेपर्यंत पोरं पाण्यात, आम्ही वाळूत, आणि वाळू दर दहा मिनिटांनी कमी होत चाललेली, चपला दोनदा मागे सरकवल्या.

रात्री बघितलं तर उद्याचा सकाळचा वारा ताशी ५-६ किलोमीटरचा आणि तोही जमिनीकडून. लाट अर्धा-पाऊण मीटर. ठरलं, उद्या किल्ला आणि स्नॉर्केलिंग, सकाळीच.

एकादशी : सिंधुदुर्ग किल्ला

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात पण त्याचा उपयोग कोणी सांगत नाही. उपयोग हा. रात्री जमीन लवकर गार होते म्हणून पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे, हळू, आणि किनाऱ्यालगतचं पाणी सपाट. दहा-अकरानंतर जमीन तापली की वारा उलटतो, समुद्राकडून यायला लागतो आणि दुपारी तीन-चारला सगळ्यात जोरात असतो, १८-२० किलोमीटरचा वारा ऐकायला काहीच वाटत नाही पण छोट्या होडीत बसलेल्या माणसाला तो चांगला कळतो. त्यामुळे कोकणात होडी, स्नॉर्केलिंग, स्कूबा जे काय असेल ते सकाळी उरकायचं. बुकिंगवाल्याने "चारचा स्लॉट आहे ना" म्हटलं तरी नको म्हणायचं.

आम्ही जेट्टीवर आठच्या आधीच. भरती सव्वाआठची म्हणजे पाणी भरलेलं, किल्ल्याच्या वाटेवर पाण्याखाली खडक आहेत, होडीवाले त्यांच्यातून ठरलेल्या वाटेने नेतात. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं आणि बोटीतून जाताना प्रत्येक वेळी एकच विचार येतो, ही जागा निवडणाऱ्याला हे खडक आणि हे पाणी किती पाठ असणार. दरवाजा तर अगदी समोर येईपर्यंत दिसतच नाही.

नंतर स्नॉर्केलिंग. पाणी स्वच्छ होतं, म्हणजे अंदमानसारखं निळंशार नाही, पण खालचे मासे दिसतात, खडकाला चिकटलेलं काय काय दिसतं. मालवणच्या या भागात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खाली उभं राहू नका, कशाला हात लावू नका हे पोरांना आधी दहा वेळा सांगितलेलं. पाणी किती स्वच्छ मिळेल हेही आदल्या दिवशी थोडं कळतं, वारा कमी, लाट कमी आणि वर पाऊस झालेला नसला की गाळ खाली बसलेला असतो. पाऊस पडून गेला की खाडीचं लाल पाणी बाहेर येतं, मग वर कितीही ऊन असू दे, खाली हात दिसत नाही.

लाइफ जॅकेटचं एक सांगते. पोरांना मोठ्यांचं जॅकेट देतात आणि वरचं बकल लावून सोडतात. जॅकेटचे खांदे धरून वर उचलून बघायचं, कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात पोराच्या डोक्यावरून निघणार. दोन बदलून घेतली, माणूस जरा वैतागला, वैतागू दे.

अकराला परत जेट्टीवर आलो तेव्हा पाण्यावर बारीक चुण्या पडायला लागल्या होत्या. दुपारी अडीचला, म्हणजे ओहोटीला, रॉक गार्डनची खडपं बघितली, ऊन रणरणत होतं पण डबकी बघायला तीच वेळ. डबक्यात एक खेकडा शंखात शिरायचा प्रयत्न करत होता आणि शंख आधीच भरलेला होता, त्यावर पोरांनी अर्धा तास काढला. संध्याकाळी परत तिकडून गेलो तर तीच डबकी लाटांखाली आणि लोक ओल्या शेवाळावर उभे राहून सेल्फी काढतायत.

द्वादशी : देवबाग आणि त्सुनामी आयलंड

तारकर्लीच्या खाली देवबाग, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे चिंचोळी जमीन. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे आतल्या बाजूला वाळूचा पट्टा वर येतो त्यालाच सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. हे सगळं प्रकरण ओहोटीवर चालतं. भरतीला तिथे गुडघाभर-कमरभर पाणी असतं.

भरती नऊला, म्हणून ओहोटी सव्वातीनला. आमचं जायचं ठरलं दीडला, म्हणजे पाणी उतरताना पोचायचं आणि परत चढायला लागलं की निघायचं. नवऱ्याचं म्हणणं की सकाळी दहालाच जाऊ, ऊन कमी. होडीवाल्या काकांना फोन केला, ते म्हणाले, "धाक येऊन काय करतलास, पाण्यात उभे रवतलास? सुकतीक येवा." म्हणजे दहाला येऊन काय पाण्यात उभे राहणार, ओहोटीला या. विषय संपला.

बेटावर उतरलो तेव्हा वाळू अजून ओली होती, पायाखाली घट्ट. मुलीला एक काटकी दिली आणि पाण्याच्या कडेला खोचायला सांगितली. दर पाच मिनिटांनी पाणी काटकीपासून किती लांब गेलं ते पावलांनी मोजायचं. आधी पावलं भराभर वाढत होती, मग हळू, मग सव्वातीनच्या आसपास बराच वेळ पाणी तिथेच. मग एक पाऊल इकडे. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत-उतरत नाही, पहिल्या तासात थोडंसं, मधल्या दोन तासांत सगळ्यात जास्त, जवळजवळ अर्धी भरती त्या दोन तासांतच येते, आणि शेवटी परत हळू. त्यामुळे आत्ता तर हळू येतंय म्हणून निवांत बसून राहणाऱ्यांची नंतर धावपळ होते. आम्ही साडेचारला उठलो, काटकीच्या जागी तोवर घोटाभर पाणी.

संगमावर मात्र पोहायचं नाही, हे काकांनीही सांगितलं आणि मीही सांगते. ओहोटी लागली की आख्ख्या खाडीचं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडतं, वरून शांत दिसतं, पण होडी बंद केली की ती आपोआप समुद्राकडे जायला लागते ते आम्ही बघितलं. काकांनी मुद्दाम इंजिन बंद करून दाखवलं. पोरांना लेक्चर द्यायची गरज उरली नाही.

त्या रात्री अंदाज बदलला. इन्कॉइसवर परवापर्यंत पाऊण मीटर दिसत होतं तिथे आता उद्यासाठी पावणेदोन ते दोन मीटर, आणि पीरियड १२ सेकंद. विंडीवर आमच्या इथे वारा तोच, सकाळी मंद, दुपारी नेहमीचा. पाऊस नाही. ढग नाही. पण नकाशा लहान केला तर अरबी समुद्रात बरंच लांब एक गोल फिरताना दिसत होता, हवामान खात्याने त्याला कमी दाबाचं क्षेत्र म्हटलेलं. नवरा म्हणाला, एवढं लांब आहे, आपल्याला काय.

त्रयोदशी : होड्या बंद, मग कुणकेश्वर

पीरियड म्हणजे एक लाट आल्यापासून दुसरी येईपर्यंतचा वेळ. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सहा सेकंदांच्या असतात, चिडचिड्या, पण त्यांच्यात दम नसतो. लांबच्या वादळाने उठवलेल्या लाटा शेकडो किलोमीटर प्रवास करून येतात आणि येताना ओळीत लागतात, पीरियड वाढतो, आणि तेवढ्याच उंचीची लाट असली तरी पीरियड जास्त असेल तर तिच्यात पाणी जास्त, ढकल जास्त. तिला इथल्या वाऱ्याची गरज नसते. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ किनाऱ्यापासून लांबूनच गेलं होतं तरी सिंधुदुर्गात किनाऱ्यांवर पाणी आत घुसलं होतं. आमच्या वेळचं हे त्यापुढे काहीच नव्हतं, पण तत्त्व तेच.

सकाळी मालवणला चक्कर मारली. आकाश इतकं निळं की चेष्टा वाटावी. वारा नाही. आणि जेट्टीवर होड्या बांधून ठेवलेल्या. एक कुटुंब होडीवाल्यांशी वाद घालत होतं, ऊन पडलंय, वारा नाही, बंद कशाला, आम्ही एवढ्या लांबून आलो. होडीवाला शांतपणे म्हणाला, "आज पाणी बरा नाय. उद्या बघूया." बस. बंदरावर अशा वेळी एक नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागू शकतो, त्याचा अर्थ लांब समुद्रात गडबड आहे, बंदराला त्रास नाही. तीन नंबर लागला तर मात्र बंदरालाच जोराचा वारा अपेक्षित असतो. पण किल्ल्याजवळच्या खडकांवर लाट कशी फुटतेय ते रोज बघणाऱ्याला बावट्याची वाट बघावी लागत नाही. आणि खरं सांगायचं तर धंद्याच्या सीझनमध्ये जो माणूस स्वतःहून होडी बंद ठेवतो त्याच्याच होडीत दुसऱ्या दिवशी बसावं.

(मे महिन्याच्या शेवटी जाणाऱ्यांनी हेही बघून ठेवावं की साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंदच असतात, आणि यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. जूनमध्ये किनारा बघायला जायला काहीच हरकत नाही, पण किल्ला लांबूनच.)

मग पाण्यात जायचं नाही असं ठरवूनच कुणकेश्वरला गेलो. मंदिर अगदी समुद्राला लागून, आणि जरा उंचावरून आख्खा किनारा दिसतो, अशा दिवशी लाटा बघायला याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. भाच्याने स्टॉपवॉच लावलं. एका ठरावीक जागी लाट फुटली की बटण, अशा दहा लाटा, आणि भागिले दहा. पावणेबारा सेकंद आले. अंदाजात १२ होतं! तो त्यानंतर दिवसभर हवामान खात्याचा माणूस झाल्यासारखा वागत होता.

आणि रिप करंट, म्हणजे आत समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह, उघड्या डोळ्यांनी दिसला. किनाऱ्यावर सगळीकडे पांढऱ्या फेसाच्या ओळी, आणि मधेच एक दहा-पंधरा मीटरची पट्टी जिथे लाट फुटतच नव्हती. पाणी तिथे गडद, जरा मातकट, वर फेसाचे तुकडे, आणि ते तुकडे किनाऱ्याकडे नाही तर आत समुद्राकडे चाललेले. नारळाची एक सोडण, म्हणजे वरची साल, वाहत आली, आधी किनाऱ्याला समांतर सरकली, मग त्या पट्टीत शिरली आणि बघता बघता फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे. एक मिनिटही लागलं नसेल. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला अशी वाट शोधतं, आणि माणसाला नेमकी तीच जागा शांत वाटते कारण तिथे लाट नसते. चार-पाच कॉलेजची पोरं बरोब्बर तिथेच उतरत होती. भाऊ खाली पळत गेला आणि त्यांना वर बोलावून तो फेस दाखवला. पटलं की नाही माहीत नाही, पण बाजूला गेली, गुडघ्यापर्यंतच राहिली.

कोणी असं ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे सरळ पोहत बसायचं नाही, दमून जातो माणूस. तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, पट्टी अरुंद असते, बाजूला फुटणाऱ्या लाटाच परत आत ढकलतात. आणि बाहेरच्याने हिरोगिरी करत उडी मारायची नाही, तरंगणारं काहीतरी फेकायचं, रिकामा कॅन, ट्यूब, चेंडू, काहीही.

दुपारनंतर विजयदुर्ग. तीन बाजूंनी पाणी, पण वाघोटन खाडीच्या आतल्या बाजूला जेट्टीपाशी पाणी डुलत होतं नुसतं आणि बाहेरच्या तटाखाली धडाधड फुटत होतं. एकाच किल्ल्याच्या दोन बाजू. जुन्या लोकांनी आरमार कुठल्या बाजूला ठेवलं असेल ते विचारायची गरजच नाही.

चतुर्दशी : भोगवे, निवती, आणि गडगडाट

लाट उतरायला लागली होती, अंदाजात सव्वा मीटर, पीरियड ९. पण आता पौर्णिमा जवळ म्हणजे उधाण, भरती साडेदहाची आणि चांगलीच वर येणारी. भोगव्याला सकाळी न जाता दुपारी गेलो, पुळण रुंद मिळावी म्हणून. निवतीच्या बाजूचे खडक, मधला किनारा, गर्दी जवळपास नाही. गर्दी नाही हे छान, पण गर्दी नाही म्हणजे जीवरक्षकही नाही, तेव्हा पाणी मांडीच्या वर नाही असा नियम. पोरांनी कुरकुर केली, केली तर केली.

तीनच्या सुमाराला आईंनी सह्याद्रीकडे बोट दाखवलं. समुद्राच्या बाजूला ऊन आणि डोंगराच्या बाजूला फुलकोबीसारखे ढग चढत चाललेले. आपण बीचवर बसलो की तोंड समुद्राकडे असतं, आणि परतीच्या पावसाच्या सुमारास इथे विजांचा पाऊस बऱ्याचदा पाठीमागून, डोंगराकडून येतो. हवामान खात्याचा यलो अलर्ट सकाळीच होता, विजांसह पाऊस, ठरावीक ठिकाणी. दामिनी ॲप उघडलं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं आहे, आपल्या आसपास कुठे वीज पडतेय ते दाखवतं. वीसेक किलोमीटरवर ठिपके.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आला तर दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा उठायचं. पहिल्यांदा मोजले तर चाळीस. दुसऱ्यांदा पस्तीस. आम्ही सामान गोळा करायला लागलो. मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यात उंच आपणच असतो, आणि सुरूच्या झाडाखाली जाऊन उभं राहणं त्याहून वाईट. गाडीत बसलो, काचा वर. पाऊस आमच्याकडे पंधरा मिनिटंच पडला, पण शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास पाण्यात जायचं नाही हेही पाळायचं असतं, तोवर सूर्य बुडायला आला. त्या दिवशी समुद्र असा फार मिळाला नाही. वहिनीचा मूड गेला होता. असो.

पौर्णिमा : शिरोडा, वेळागर

लाट पाऊण मीटरवर, आकाश स्वच्छ, दामिनीवर ठिपका नाही. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी अकराला किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी पार वरपर्यंत, बसायला जागा म्हणून नाही, आणि उतार मोठा झालेला, म्हणजे लाट एकदम पायाशी फुटते आणि मागे जाताना खालची वाळू ओढून नेते. उधाणाच्या भरतीला आपण नेहमी बघतो तो सपाट किनारा पाण्याखाली असतो आणि आपण त्याच्या वरच्या चढावर उभे असतो. पोरांना तिथे अजिबात सोडलं नाही. सरळ परत खोलीवर, पत्ते.

साडेचारला पुन्हा गेलो आणि नवरा म्हणाला हा तोच बीच आहे का. ओहोटी साडेपाचची, पाणी इतकं मागे गेलेलं की ओली वाळू लांबच लांब, क्रिकेट, सायकल, काय वाट्टेल ते. लाट लांब, उथळ, पोरांना मनसोक्त डुंबू दिलं.

फक्त एक ग्रुप त्या कडक वाळूवर एसयूव्ही घेऊन उतरला होता. किनाऱ्यावर गाडी घालूच नये, पण कडक वाळू बघून मोह होतो लोकांना. पाण्याच्या अगदी कडेला फोटोसाठी थांबवली, चाकं रुतली, आणि रेस करून करून अजून खोल गेली. सहा वाजले होते. भाऊ जाऊन सांगून आला की ओहोटी संपली, आता पाणी चढणार, आणि आज उधाण आहे, तासाभरानंतर वेग पकडेल. ते म्हणाले, अहो पाणी तर किती लांब आहे. आई मला हळूच म्हणाल्या, द्वादशीची काटकी आण त्यांच्यासाठी. शेवटी गावातून ट्रॅक्टर आला, सात वाजून गेले होते, तोवर पुढच्या दोन चाकांना पाणी लागलेलं. निघाली गाडी. पण खारं पाणी खाली गेलं ते गेलंच.

रात्री अंगणात वहिनी म्हणाली की पुढच्या ट्रिपला तिच्या मैत्रिणी येणार, त्यांना त्सुनामी आयलंड भरदुपारी नको, पण संध्याकाळी निघायची घाई असते, तेव्हा सकाळी अकरा-साडेअकराला पाणी उतरलेलं असेल असा दिवस सांग. आईंनी बोटांवर मोजलं, ओहोटी सव्वाअकराला हवी तर भरती पाचला, पाच म्हणजे षष्ठी-सप्तमी. मग कॅलेंडर काढलं. जानेवारीतली षष्ठी आणि सप्तमी दोन्ही वर्किंग डे निघाले, डिसेंबरची सप्तमी रविवारी. भाऊ म्हणाला रविवारी गर्दी फार. वहिनी म्हणाली गर्दी परवडली. नवऱ्याने तोवर लॅपटॉप उघडून नवीन एक्सेल केली होती, पहिला कॉलम तिथी, दुसरा भरती, तिसरा ओहोटी, आणि ठिकाणाचा कॉलम सगळ्यात शेवटी, रिकामा.